बावीस पावलं

ता. १२ जानेवारी

चि. मोजपट्टी यास,
ताईचे अ. उ. आ., आणि प्लॅस्टरमधल्या पायाला वेगळे दोन.

पत्र पोचलं. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या मोजायला विसरलास हे वाचून आधी हसले आणि मग वाईट वाटलं. सदतीस वर्षं लोकांच्या जमिनी इंच इंच मोजल्यास, हद्दीचे दगड रोवलेस, आणि स्वतःच्या घरातला जिना चुकलास! तुझ्या बायकोला सांग, खुशाल ओरड त्याला. ओरडा खाल्ल्याशिवाय तो लहानपणीही जेवायचा नाही.

इकडे माझं गोटेपुराण जोरात आहे. यांनी धुण्याच्या जुन्या मशीनची मोटर काढून समुद्राकडच्या खोलीत तीन डबे बसवून दिलेत. सुतारकामाचे मास्तर होते ते काही उगाच नाही. डबे दिवसरात्र फिरतात. पहिल्या डब्यात दगड, पाणी आणि घासायची जाड कुरुंद पूड, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यात त्याहून बारीक. शेवटी पॉलिशची पांढरी पूड. मधे प्रत्येक वेळी दगड इतके धुवायचे की हात गारठतात. जाड पुडीचा एक कण मागे राहिला तर महिन्याची मेहनत ओरखड्यांत जाते. तू विचारलं होतंस ना, एवढं करून मिळतं काय? अरे, ओला असताना प्रत्येक गोटा सुंदर दिसतो आणि वाळला की तोंड पाडून बसतो. पॉलिश केल्यावर तो कायमचा ओला दिसतो, एवढंच मिळतं. मला पुरतं.

यंदा समुद्रानं हात सैल सोडलाय. डिसेंबरातल्या वाऱ्यानंतर आमच्या घराखालच्या वाळूत रोज सकाळी नवा माल. गारगोट्या, पट्ट्यापट्ट्यांचे अकीक, विटकरी रंगाचे सूर्यकांत. पूर्वी महिन्यात एखादा चांगला अकीक सापडायचा, आता टोपली भरते. तक्रार एकच, हे नवे गोटे भारी हट्टी आहेत. नेहमीच्यांना समुद्रानंच घासून गोल करून ठेवलेलं असतं, यांना कोपरे. जाड पुडीत आठवड्याचं काम अडीच आठवड्यांवर जातं.

शिंपले-शंख मात्र हातानंच घासते, डब्यात त्यांचा चुरा होतो. शेजारच्या नर्सबाईंनी शिस्त घालून दिलीय, प्रत्येक शंख आधी अर्धा तास ओल्या वाळूवर ठेवायचा. चालायला लागला तर तो कुणाचंतरी घर आहे, उचलायचा नाही. बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कोळ्यांच्या हातापायांची ड्रेसिंगं अजून घरीच करतात, आणि माझ्यावरही वॉर्डातल्यासारखाच दरारा ठेवतात.

यांची तब्येत ठीक. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी जिने, ओझी आणि मनाला धक्का, तिन्ही गोष्टी बंद केल्यात. म्हणून मी यांच्याशी भांडतही नाही. आता मागच्या अंगणात यांनी वाऱ्यासाठी पत्र्याचं उंच कुंपण घातलं, मला समुद्र दिसेनासा झाला, तरी दोन दिवस नुसता अबोला धरला, शब्दानं बोलले नाही.

सोबत एक डबी पाठवतेय. तीन पॉलिश केलेले, दोन कच्चे. पडल्या पडल्या बघत बस.

पायाला जप आणि ताईवरचा लोभ प्लॅस्टरसारखा घट्ट राहू दे.
तुझी,
ताई


ता. २१ जानेवारी

ती. ताईस,
मोजपट्टीचा शि. सा. न. वि. वि.

डबी मिळाली. पॉलिशचे तिन्ही खिडकीत ठेवलेत. बायको येताजाता त्यांना हात लावते आणि मी बघतोय असं दिसलं की पडदा सारखा करते. तेव्हा गोटेवालीबाईंची कीर्ती आमच्या घरात पसरली असं समज.

कच्चे दोन मात्र मी चार दिवस उशाशी घेऊन बसलोय. भिंग लावून पाहिलं. मोठ्याच्या खाचेत तांबडी माती आहे, घट्ट बसलेली, आणि तिच्यात केसाएवढं बारीक मूळ. ताई, समुद्रानं आणलेल्या दगडाच्या खाचेत वाळू असते. माती आणि मूळ राहत नाही, एका भरतीत धुऊन जातं. आणि कोपरे कशामुळे असतात ते तुला मी सांगायला नको. हे दगड लांबून आलेले नाहीत. ते नुकतेच कुठूनतरी सुटून पडलेत.

तुमचं घर ज्या कड्यावर आहे तो तांबड्या मातीचा आणि त्यात असेच गोटे रुतलेले. घर बांधताना मी आलो होतो तेव्हा पाहिलंय.

घाबरवत नाहीय. एवढंच कर, गोट्यांच्या खोलीच्या मागच्या भिंतीपासून कड्याच्या टोकापर्यंत चालत जा आणि पावलं मोज. घर बांधलं तेव्हा सव्वीस होती, माझ्या जुन्या वहीत आहे. दर रविवारी मोजून मला कळव. मी स्वतः आलो असतो, पण डॉक्टर म्हणतात एप्रिलपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही.

भावजींना नमस्कार. नर्सबाईंनाही हे सांग, त्यांचं घर त्याच रेषेत आहे.

लोभ आहेच, तो वाढला तर हरकत नाही.
तुझा,
मोजपट्टी


ता. ३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, त्याला पलंगावर पडून दुसरा उद्योग नाही. पण लगेच उठले, कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि मोजून आले. बावीस पावलं. मी जाते म्हटलं तर जाऊ देईनात. तुझे गुडघे आणि तिकडचं निसरडं गवत, नको म्हणाले. पुढच्या रविवारीही तेच गेले, पुन्हा बावीस. आता झालं समाधान? इतक्या वर्षांत सव्विसाची बावीस झाली. मी तर त्याहून जास्त झिजलेय.

यांनी भिंतीवरून नर्सबाईंनाही आकडा सांगितला. त्या पट्ट्या वाळत घालत होत्या. म्हणाल्या, मास्तरांनी मोजलंय म्हणजे प्रश्न मिटला. यांचं मोजमाप गावात कुणी पुन्हा तपासत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

एक गंमत सांगते. मंगळवारी दुपारी दोन तास वीज गेली. तिन्ही डबे थांबले. इतके महिने ती घरघर कानात बसलीय की ती थांबल्यावर घर रिकामं झाल्यासारखं वाटलं. आणि त्या शांततेत खालून आवाज आला, कुणीतरी धान्याची गोणी हळूच ओतावी तसा. थोडा वेळ ओतली, मग थांबली. मी यांना विचारलं, हे म्हणाले घूस असेल. घूस एवढं धान्य कुठून आणणार बाबा! वीज आली, डबे फिरायला लागले, मग ऐकू आलं नाही.

काल सापडलेला अकीक तुला दाखवायला हवा होता. मधाच्या रंगाचा, आत पांढऱ्या रेघा. बायकोस आशीर्वाद.

ताईची आठवण ठेव, आकड्यांपलीकडेही.
तुझी,
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या आवाजाचं वाचून माझी झोप उडाली. ती घूस नाही. मी खाणींच्या हद्दी मोजल्यात, सुटी माती आतून कशी सरकते ते ऐकलंय.

काल तुमच्या पोस्टात फोन लावला. पोस्टातल्या बाईंनी तुला निरोप पाठवला, पण फोनवर आले भावजी. सगळं ठीक आहे, बावीस आहेत, तू पाय बरा कर, असं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मागे दहा माणसं रांगेत असतील, म्हणून मीही ताणलं नाही.

ताई, एकदा तू स्वतः मोज. गुडघे दुखतात तर काठी घे. मला तुझा आकडा हवाय.

याहून जास्त लिहीत नाही, नाहीतर तू चिडशील. चिडलीस तरी लोभ ठेवच.
तुझा,
मोजपट्टी


ता. २ मार्च

चि. मोजपट्टी यास,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. दोनदा मोठा वारा झाला आणि लाटा कड्याच्या पायथ्याशी आपटत होत्या. या रविवारीही यांनीच मोजलं. बावीस.

मी मोजायला जाणार होते. कुंपणाच्या फटीवरच्या पत्र्याला यांनी आता कुलूप लावलंय, म्हणतात वाऱ्यानं पत्रा उघडतो. किल्ली मागितली तर शोधतो म्हणाले. चार दिवस शोधतायत. सगळी हत्यारं डोळे मिटून हाताला लागावीत अशी मांडून ठेवणारा माणूस!

टोपल्या भरून चालल्यात. तीन डबे पुरत नाहीत, कच्चे गोटे पलंगाखाली ठेवलेत. खरं सांगू, हल्ली टोपली भरली की पूर्वीसारखं वाटत नाही.

बाकी क्षेम.
तुझी,
ताई


ता. ८ मार्च

चि. भावास,
ताईचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी. यांना यातलं अक्षरही कळता कामा नये.

घर बांधून झालं तेव्हा मागे सिमेंटचा कट्टा घातला होता, तुला आठवत असेल. ओल्या सिमेंटमध्ये मी बोटानं दाबून कवड्या बसवल्या होत्या, एका ओळीत सात. मला इथं यायचं नव्हतं. शहरातली माझी बालवाडी, मैत्रिणी, सगळं सोडून यांच्या हौसेपायी आले आणि पहिली दोन वर्षं त्या कट्ट्यावर बसून रडले. मग रडता रडता खाली उतरले आणि पहिला गोटा उचलला.

काल सकाळी ओहोटीला वाळूत सिमेंटचा तुकडा सापडला. त्यात तीन कवड्या होत्या.

कट्टा खोलीपासून दहा पावलांवर होता. तो खाली आलाय.

गोटे वेचणारं माणूस मान वर करत नाही रे. इतके महिने मी त्या कड्याखाली वाकून फिरले. काल पहिल्यांदा वर पाहिलं. पत्र्याच्या कुंपणाचा एक कोपरा कड्याबाहेर हवेत लोंबत होता. त्याच्याखाली माती आत खाल्लेली, गुहेसारखी. आणि कड्याच्या अंगावर, वरपासून खालपर्यंत, माझे अकीक. ओले, चमकणारे. पॉलिश केल्यासारखे.

यांना कसं सांगू? या घराचा प्रत्येक वासा यांनी स्वतः रंधलाय. डॉक्टर म्हणालेत धक्का नको. माझी खात्री आहे, यांची नजर अधू झालीय, आकडा चुकतोय आणि यांना ते कळत नाहीय. मी सांगितलं तर यांचं हृदय तिथेच थांबेल. तू एक कर, पाय फार दुखतो, दोघंही या, महिनाभर राहा, असं कळवळून लिही. मी यांना घेऊन निघते. मग मागे जे व्हायचं ते होऊ दे.

तुकडा मी पिठाच्या डब्यात लपवलाय.

सांभाळ.
ताई


ता. ९ मार्च

चि. मेहुण्यास,
आशीर्वाद. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. लिहायची सवय नाही, चूकभूल पदरात घ्या.

मी तुम्हाला खोटे आकडे दिले. बावीस पावलं दिवाणखान्याच्या गेल्या दुरुस्तीच्या वेळी होती, त्याला तीन वर्षं झाली. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी बारा होती. परवाच्या रविवारी सात. कुंपण मी वाऱ्यासाठी घातलेलं नाही, हिला दिसू नये म्हणून घातलं.

जागा घेतली तेव्हा गवंड्यानं सांगितलं होतं, मास्तर, रस्त्याच्या बाजूला बांधा. मला खिडकीतून समुद्र हवा होता. हिला तर यायचंच नव्हतं. हिला मी विचारलंही नाही, ठरवून सांगितलं. दोन वर्षं ही पाठमोरी बसून रडायची आणि मी आत फळ्या तासत बसायचो. मग ही गोटे वेचायला लागली आणि एक दिवस स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकली. ते डबे मी त्यासाठी बनवले.

आता हिला कसं सांगू की तुझे हे गोटे आपल्या घराच्या पायातून येतात? ही पुन्हा एकही दगड हातात धरणार नाही. आणि मला पुन्हा ती पाठ बघायची ताकद नाही.

तुम्ही हिला एकटीला बोलावून घ्या. पायाचं निमित्त चांगलं आहे. मी म्हणेन, डबे बंद ठेवता येत नाहीत, मी थांबतो. घर माझं आहे, मी त्याच्याबरोबर बघून घेईन. हिला काही कळवू नका.

आपला,
मास्तर


ता. १३ मार्च

ती. ताई आणि ती. भावजी,
दोघांनाही सा. न.

तुम्हा दोघांची पत्रं मला एकाच टपालात मिळाली. दोघांनीही मला बजावलंय की दुसऱ्याला कळू देऊ नकोस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती पत्रं मांडीवर घेऊन बसलो. शेवटी जे केलं ते माफ करण्यासारखं नसेल तर करू नका. भावजींचं पत्र ताईच्या पाकिटात घातलंय आणि ताईचं भावजींच्या. माझी ही चिठ्ठी दोन्हींत आहे. पोस्टाचा फोन वाऱ्यापासून बंद आहे, नाहीतर बोललो असतो.

सात पावलं म्हणजे सात नाहीत. खाली माती खाल्लेली आहे, म्हणजे खोली आत्ताच हवेत आहे. डबे आधी बंद करा, त्यांचा हादरा खाली जातो. सामान आवरत बसू नका. कागदपत्रं आणि औषधं घ्या आणि रस्त्याच्या पलीकडे जा, मग मला शिव्या द्या.

आणि नर्सबाईंना कोण सांगणार? तुम्हा दोघांच्याही पत्रात त्यांचं नावसुद्धा नाही. त्या बावीस धरून बसल्या असतील. भावजी, हे तुम्हीच सांगायचं, आणि पूर्ण सांगायचं.

लोभ राहिला तर राहो. माणसं राहू देत.
मोजपट्टी


ता. २९ मार्च

चि. मोजपट्टी यास,
अ. उ. आ.

आम्ही दोघं जिवंत आहोत हे तुला तारेनं कळलंच. बाकीचं आज लिहितेय.

पाकिटं बुधवारी दुपारी आली. दोघं जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून वाचत होतो. मी यांचं, हे माझं. माझं वाचून आधी झालं. मान वर केली तर हे शेवटच्या ओळीवर बोट ठेवून होते. मग हे उठले, खोलीत गेले आणि डबे एकेक करून बंद केले. परत येऊन दारात उभे राहिले. खालून गोणी ओतल्याचा आवाज येत होता. आता थांबून थांबून नाही, सारखा.

मी पिठाच्या डब्यातून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. यांनी कवड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, चल. यांचं हृदय थांबलं नाही. माझंही नाही. आम्ही एकमेकांना किती नाजूक समजत होतो!

तासाभरात आम्ही शाळेच्या पाठच्या खोलीत गेलो. शिपायानं दोन सतरंज्या दिल्या. संध्याकाळी हे नर्सबाईंकडे गेले. परत आल्यावर मी विचारलं, सांगितलंत? हे हो म्हणाले. बाईंनी काय म्हटलं विचारलं, तर म्हणाले, उद्या सकाळची ड्रेसिंगं उरकून दुपारी सामान बांधते म्हणाल्या, परवा मुलीकडे जाणार. मला बरं वाटलं. तेव्हा मी यांना पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चारच्या सुमाराला आवाज झाला. मोठा नव्हता. रस्त्यावर ट्रक रिकामा करतात तेवढाच. आम्ही धावत गेलो तर गोट्यांची खोली नव्हती, स्वयंपाकघराची मागची भिंत नव्हती, आतली भांडी जागच्या जागी टांगलेली आणि त्यांच्यामागे समुद्र. हे बघत उभे होते. मी यांचा हात धरला. तेवढ्यात आमच्या घराला लागून एक भेग रस्त्याला समांतर पुढे पळाली, आपण कापड फाडतो तशी, आणि नर्सबाईंच्या घराचा मागचा अर्धा भाग खाली बसला. बाई मागच्या खोलीतच होत्या. पेटी भरत होत्या. पुढच्या दाराशी एक कोळी पाय बांधून घ्यायला आला होता, तो वाचला. बाई दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडल्या.

रात्रभर हे भिंतीला टेकून बसले होते. पहाटे मला म्हणाले, मी बाईंना पूर्ण सांगितलं नाही. कडा ढासळायला लागलाय, घर सोडा, एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, मास्तर, रविवारी तर तुम्ही भिंतीवरून बावीस म्हणालात, मग घाई कसली? आणि यांनी सांगितलं, तेव्हा होती, आता वाऱ्यानं थोडी कमी झाली असतील. मी खोटं बोललो, हे तीन शब्द यांच्या तोंडून निघाले नाहीत. तीन शब्द निघाले असते तर बाई त्याच संध्याकाळी उठल्या असत्या. त्या रविवारी खरी सहा होती. तुला सगळं लिहून मोकळे झाल्यावरसुद्धा यांनी भिंतीवरून बाईंना बावीस सांगितली होती.

मी यांच्यावर ओरडले नाही. मला ओरडायचा हक्क नाही. तुझी चिठ्ठी येईपर्यंत बाईंचं घरही त्याच कड्यावर आहे हे माझ्या मनातच आलं नव्हतं. तुकडा सापडल्यापासून पाकिटं येईपर्यंत दहा दिवस होते रे. त्या दहा दिवसांत मी त्यांच्या पायरीवर बसून दोनदा शंख निवडले.

बाईंची मुलगी आली. दूर कुठल्याशा दवाखान्यात तीही नर्सच आहे. गावातले लोक तिला म्हणत होते, मास्तरांनी सांगितलं होतं, पण तुझी आई ऐकणाऱ्यातली नव्हती. चार दिवस हे तेच ऐकत होते. बोलणारे चांगल्या मनानं बोलत होते, यांच्या बाजूनं बोलत होते. पाचव्या दिवशी यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, आणि तुला लिहिलेलं ते पत्र माझ्याकडून मागून घेतलं. मी येऊ का विचारलं. म्हणाले, ये, पण बोलू नकोस.

मुलगी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात आईची कागदपत्रं लावत होती. यांनी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. कुंपण, कुलूप, बारा, सात, सहा. भिंतीवरचे सगळे रविवार. पत्रही दिलं. तिनं ते पूर्ण वाचलं, मागचीही बाजू पाहिली. मग विचारलं की आई शेवटच्या रविवारी काय करत होती. हे म्हणाले, पट्ट्या वाळत घालत होत्या, मला म्हणाल्या, मास्तर, तुम्ही आहात म्हणून शांत झोप लागते.

मला वाटलं ती आता काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता आणि एक हात खांब शोधत होता. तिनं ते पाहिलं. आत गेली, खुर्ची आणली आणि यांच्यामागे ठेवली. बसा म्हणाली नाही. यांच्या मनगटाची नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिली, पूर्ण एक मिनिट. मग हात सोडला, कागद उचलले आणि आत निघून गेली. यांचं पत्र तिच्याकडेच आहे. चौकशीसाठी अधिकारी येणार आहेत, त्यांना देईल. हे म्हणतात, द्यायलाच हवं.

आम्ही अजून शाळेच्या खोलीतच आहोत. तू बोलावतोस ते खरं, पण चौकशी होईपर्यंत यांना इथून हलायचं नाही आणि मला यांच्यापासून. रोज सकाळी हे रस्त्यानं एकेका घरी जातात, कड्याच्या रेषेतली सगळी घरं, आणि मागच्या दारापासून टोकापर्यंत दोरी लावून मोजून देतात. दोरीचं दुसरं टोक घरच्या माणसाच्या हातात देतात. काही लोक दार उघडत नाहीत.

तू आमचा विश्वास मोडलास म्हणून पहिले दोन दिवस मला तुझा फार राग आला होता. तो गेला. पाय टेकवायला लागलास की लिही. यांनाही वेगळं पत्र लिहीत जा, हे उत्तर देतील.

जेवढा लोभ उरलाय तेवढा तसाच ठेव, त्यात काही लपवू नकोस.
तुझी,
ताई